समुद्रावरची जुनी स्पीडबोट नाशिकला आणताना

प्रश्न असा आहे: गंगापूर धरणाच्या फुगवट्यालगत द्राक्षबाग आणि लहानसं कृषी पर्यटन केंद्र आहे. अलिबागजवळ 16 फुटी फायबरची जुनी स्पीडबोट विकायला आहे, मागे 40 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. मालक म्हणतो, ‘चालू कंडिशन आहे, फक्त रंग मारून घ्या.’ घ्यावी का, दुरुस्ती नाशिकला होईल का, आणि पैसे कशावर घालावेत?

घेता येईल. पण समुद्रावरची बोट घाट चढवून वर आणली की तिचं पाणी बदलतं, उंची बदलते आणि दुरुस्त करणारे हातही बदलतात. खाऱ्या पाण्याने आतून काय खाल्लंय ते खालीच, मालकाच्या अंगणात तपासायचं. नाशिकला आणल्यावर कळून उपयोग नाही. आणि रंगाकडे शेवटी बघायचं. जुन्या बोटीला नवा रंग दिसला तर मी उलट जास्त वेळ तपासतो, कारण भेगा झाकायचा सगळ्यात स्वस्त मार्ग तोच आहे.

त्याआधी एक गोष्ट. विसार देण्यापूर्वी बोट कुठल्या पाण्यात उतरवणार हे कागदावर पक्कं करा. धरणाकाठी शेत आहे म्हणून धरणातलं पाणी आपलं होत नाही. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो आणि त्यांची लेखी परवानगी लागते. गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं, त्यामुळे तिथे प्रश्न जास्त विचारले जाणार, आणि विचारलेच पाहिजेत. अप्पर वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, तिथेही तेच. नांदूर मधमेश्वरचा विचार तर मनातूनच काढून टाका. ते पक्षी अभयारण्य आहे आणि रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, तिथे स्पीडबोटीचं काही काम नाही. शिवाय 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे यांत्रिक बोटीला नोंदणी, सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावं लागतं. म्हणून विकणाऱ्याकडून नोंदणीचा मूळ कागद, इंजिनचं बिल किंवा आयात केल्याचा कागद आणि हस्तांतराचं पत्र घ्या. इंजिनच्या ब्रॅकेटवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर स्वतः जुळवा. नंबरची पट्टी खरवडलेली दिसली तर तिथूनच परत फिरा, बोट कितीही स्वस्त असो.

आता बोट. पहिल्यांदा मागे जा. ज्या उभ्या भिंतीवर इंजिन टांगलेलं असतं तिला ट्रान्सम म्हणतात. माझ्या मते जुन्या बोटीचा निम्मा निकाल तिथेच लागतो. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड घालून ती केलेली असते. 40 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन 70 ते 80 किलोचं. ते वजन आणि बोट ढकलण्याचा सगळा जोर त्या प्लायवर येतो. इंजिनचे बोल्ट जिथून आरपार जातात तिथलं सीलंट काही वर्षांनी सुकतं, पाणी आत शिरतं आणि प्लाय आतल्या आत कुजतं. बाहेरून फायबर चकचकीतच दिसत राहतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. इंजिन थोडं वर टिल्ट करा, खालच्या टोकाला दोन्ही हातांनी धरून वरखाली जोर द्या आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समकडे बघायला सांगा. भिंत किंचितही लवली, बोल्टच्या वॉशरभोवती गोल भेगा दिसल्या किंवा तिथून तपकिरी पाणी झिरपलं, तर प्लाय गेलं समजा. मग प्लास्टिकच्या हातोडीने इंच इंच ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द. तरीही शंका राहिली तर मालकाला विचारून आतल्या बाजूने, बोल्टच्या खाली 6 मिमीचं एक भोक पाडा, बाहेरचा थर न फोडता. भुसा कोरडा आणि फिका निघाला तर ठीक. काळा, ओला, कुबट वासाचा निघाला तर ट्रान्सम बदलायचाच आहे असं धरून किंमत करा. भोक नंतर एपॉक्सीने बुजवून द्यायचं. भोक पाडू देणार नाही असं म्हणणाऱ्या मालकाला बहुधा आतलं माहीत असतं.

हीच हातोडी घेऊन बोटीच्या आतल्या जमिनीवर फिरा. पायाखाली कुठे मऊ लागतंय का बघा. त्या जमिनीखाली, तळाला आतून, लांबीच्या दिशेने आधाराच्या पट्ट्या असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. त्यांच्यातलं लाकूडही असंच कुजतं. जेलकोटवरच्या, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या चकचकीत थरावरच्या, केसासारख्या बारीक भेगांना घाबरू नका, त्या वयाने येतात. एकाच बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या भेगा मात्र आपटल्याची खूण असतात. त्यांच्या आतली बाजू बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डेकखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम पाणी पितो, आणि वरून ते दिसतच नाही. त्यावर उपाय वजनकाट्याचा. बोट आणताना गाडी आधी रिकामी तोला, मग बोटीसकट. इंजिन, टाकी, बॅटरी वजा करून उरलेलं वजन बनवणाऱ्याने सांगितलेल्या वजनाशी ताडून बघा. शंभर-दीडशे किलो जास्त भरले तर ते फोममधलं पाणी आहे. तेवढं ओझं घेऊन बोट उचलतच नाही, नुसती नाक वर करून पाणी कापत राहते आणि पेट्रोल पीत राहते. शक्य असेल तर हा काटा सौदा पक्का होण्याआधीच करा.

आता इंजिन. मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनवर हात ठेवा. कोमट लागलं तर थांबा, पूर्ण थंड होऊ द्या. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं, खरी परीक्षा थंडीतली. चालू झाल्यावर मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार सतत आणि जोरात पडली पाहिजे. धार अडखळली तर नुसता इंपेलर गेलेला असू शकतो, ते रबरी पातं स्वस्त असतं आणि दोनएक वर्षांनी बदलायचंच असतं. पण इंपेलर नवा असूनही धार कमजोर असेल तर आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजल्या आहेत, आणि असं इंजिन कधी ना कधी तापून पिस्टन धरतं. या वाटा मोकळ्या करायला काही जण तीव्र ॲसिड ओततात. त्याने मीठ जातं आणि सोबत ॲल्युमिनियमही जातं. विनेगरचं पाणी बराच वेळ फिरवलं तर हळूहळू पण सुरक्षित काम होतं.

कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं यंत्र, सोबत न्या. सगळे प्लग काढून, किल-स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून मोजायचं. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो 10 टक्क्यांच्या आत हवा. इथे उंचीची एक गोष्ट लक्षात असू द्या. अलिबागला 120 पीएसआय दाखवणारं इंजिन नाशिकला 111-112 च्या आसपास दाखवेल, कारण 600 मीटरवर हवेचा दाब सुमारे 7 टक्के कमी असतो. वर आणल्यावर आकडा घसरला म्हणून इंजिन उघडायला घेऊ नका. हा दाखवलेला फरक हवेचा आहे, झिजेचा नाही.

मग खालच्या गिअरच्या डब्याचा तळातला स्क्रू सैल करून थोडं तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सील गेलेत आणि पाणी आत आहे. चकाकणारे कण असतील तर गिअरच झिजलाय, आणि ते महाग पडतं. पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवून शाफ्ट डोलतोय का तेही बघा. शेवटी इंजिनचं कव्हर काढा. बोल्टांच्या डोक्यांभोवती पांढरी भुकटी आणि फुगलेला रंग दिसला तर स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं अंग खाऱ्या पाण्याने एकमेकांत जाम झालेत. असे बोल्ट जोर लावला की तुटतात. एरवी तासाभराचं असलेलं काम मग दोन दिवस चालतं, आणि मजुरीचा हिशेब तसाच बदलतो.

इंजिनबद्दल माझं एक ठाम मत आहे. कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक इंजिन न जळलेलं पेट्रोल आणि तेल एक्झॉस्टमधून थेट पाण्यात सोडतं. जे पाणी शहर पितं त्यात ते चालवू नये. परवानगी मिळाली तरी चालवू नये. कोकणात मच्छीमार आणि जलक्रीडावाल्यांकडे 40 अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोकला कायम मागणी असते, कारण ते साधं, हलकं आणि कुठेही दुरुस्त होणारं असतं. तेव्हा मालकाशी बोट एकटीच घेण्याचा सौदा करून बघा, किंवा इंजिन तिथेच विकून ते पैसे फोर-स्ट्रोकमध्ये घाला. जुनं फोर-स्ट्रोक घेतलंत तरी वरच्या सगळ्या तपासण्या त्यालाही लागू आहेत. मात्र त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक साधारण 20 किलोने जड असतं. ते वजनही ट्रान्समवरच येणार, म्हणून मी मघापासून त्या भिंतीपाशी इतका रेंगाळलो. इंजिन बदललं की नोंदणीतला इंजिन नंबरही बदलून घ्यायचा.

आणताना बोटीचा ट्रेलर नसेल तर हायड्रा क्रेनने उचलून आयशर ट्रकमध्ये ठेवतात. खाली दोन-चार टायर टाकून बोट बसवायची पद्धत चुकीची आहे. सगळं वजन त्या ठिपक्यांवर येतं आणि कसाऱ्याच्या वळणांत तळ आत दबतो. मधल्या कण्याखाली लांब लाकडी ओंडका आणि दोन्ही बाजूंना गादी लावलेले आधार द्या. इंजिन ट्रान्समवर लटकवून आणू नका, काढून उभं बांधा. फोर-स्ट्रोक आडवं ठेवायची वेळ आलीच तर कुठल्या कुशीवर ठेवायचं हे त्याच्या अंगावर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं. चुकीच्या कुशीवर ठेवलं तर तेल सिलिंडरमध्ये जातं.

नाशिकला दुरुस्ती होईल का? होईल, आणि चांगली होईल. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फायबरचं काम करणारे आहेत, आणि लेथवाले असे आहेत की घासलेल्या शाफ्टला स्लीव्ह बसवणं त्यांच्या डाव्या हाताचा मळ. पण फायबरवाले टाक्या, दरवाजे, पत्रे करतात. त्यांना बोटीचं माप वेगळं असतं हे तुम्हीच सांगायला हवं. त्यांच्याकडे साधं, सर्वसाधारण कामाचं जीपी पॉलिस्टर रेझिन असतं, तुम्हाला पाण्यात जास्त टिकणारं आयसोफ्थॅलिक हवं, निदान पाण्याखालच्या भागाला. ट्रान्समला मी एपॉक्सीच वापरतो, कारण जुन्या पॉलिस्टरवर नवं पॉलिस्टर एवढं घट्ट धरत नाही. एपॉक्सी घेतलं तर सुट्या धाग्यांच्या तुकड्यांची चॉप्ड मॅट नको, विणलेलं कापड घ्या. त्या मॅटमधला डिंक पॉलिस्टरच्या रेझिनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही. आणि एपॉक्सीवर नंतर पॉलिस्टरचा जेलकोट मारू नका, तो सुटून येतो. वरून दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्या.

प्लाय घेताना दुकानात ‘मरीन’ एवढंच म्हणू नका, छापलेला आकडा वाचा. आयएस 710 हवं. स्वयंपाकघराच्या कामाला खपणारं आयएस 303 पाण्याला थोडं टिकतं, पण ट्रान्समला नाही. तुकडे कापल्यावर प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक एपॉक्सी पाजून बंद करा. कुजायला सुरुवात तिथूनच होते. जुनं फायबर कापलेल्या जागी जोड सरळ उभा लावू नका. थराच्या जाडीच्या बारापट लांबीचा उतार घासून घ्या, म्हणजे 5 मिमी जाडीला 60 मिमी. हा उतार घासायला कारागीर कंटाळतात, धूळ खूप उडते, अंगाला खाज सुटते. तरी त्यांच्यापाशी उभं राहून घासून घ्या, मास्क लावून. वरून पुट्टी आणि रंग बसला की हे कुणी तपासू शकत नाही, आणि पहिल्या मोठ्या लाटेला जोड उघडतो.

हंगाम पाळा. नाशिकची थंडी पॉलिस्टर रेझिनला मानवत नाही. 15 अंशांखाली ते नीट पिकत नाही, वरून कडक आणि आतून चिकट राहतं. पावसाळ्यात मॅट दमट होते आणि काम पांढुरकं पडतं. फेब्रुवारी ते एप्रिल हा चांगला काळ. मेच्या उन्हात डब्यातलं रेझिन हातातच घट्ट होतं म्हणून कारागीर कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं द्रव) कमी करत जातात. 1 टक्क्याखाली जाऊ देऊ नका, तसं रेझिन कधीच पूर्ण पिकत नाही. त्यापेक्षा पहाटे काम करा आणि थोडं थोडं कालवा. आणखी एक, जिवाचं: कोबाल्ट (रेझिन पिकण्याचा वेग वाढवणारं द्रव) आणि कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटॅलिस्ट.

गोड्या पाण्यासाठी दोन बदल करायचे. इंजिनला गंजापासून वाचवायला जस्ताचे ठोकळे लावलेले असतात, त्यांना ॲनोड म्हणतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम थांबवतं. ते काढून ॲल्युमिनियमचे किंवा मॅग्नेशियमचे लावा. दुसरा बदल पंख्याचा. या उंचीवर इंजिनची साधारण 6 टक्के ताकद जाते, इंजेक्शनवालं असलं तरी, कारण हवाच विरळ. समुद्रावर चपखल बसलेला पंखा इथे जड होतो. पूर्ण थ्रॉटलला पुस्तिकेत दिलेले आरपीएम गाठत नसेल तर एक इंच कमी पिचचा (पात्यांचा तिरपेपणा कमी असलेला) लावा, 150 ते 200 आरपीएम वाढतात. पर्यटक भरून बोट चालवणार असाल तर भरलेल्या बोटीवरच मोजा.

पेट्रोलचा त्रास हल्ली सगळ्यात जास्त. पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आउटबोर्ड 10 टक्क्यांपर्यंतच चालतील असं बनवणारे सांगतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप मऊ करतं. बोट आठवडे उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी-इथेनॉल वेगळं बसतं आणि इंजिन तेच ओढतं. सगळे पाइप इथेनॉल चालणारे घ्या, 10 मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. टाकीत पंधरा दिवसांहून जुनं पेट्रोल ठेवू नका, काढून गाडीत घाला.

वायरिंग सगळं फेकून नवं करा. घरगुती वायर नको, कथिल चढवलेली तांब्याची वायर, दाबून बसवलेली टोकं, आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाला आपोआप चालू होणारा फ्लोट स्विच हवाच. बोल्ट 316 ग्रेडचे मागा. हार्डवेअरच्या दुकानात 202 चं स्टीलही स्टेनलेस म्हणूनच विकलं जातं. स्टिअरिंगची आणि थ्रॉटलची केबल समुद्रावरून आलेली असेल तर चांगली वाटली तरी बदला.

केबलचा आग्रह यासाठी की बोटीला ब्रेक नसतो. 18 डिसेंबर 2024 ला इंजिनची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. तेव्हा पहिल्या चाचणीला बोटीत फक्त चालवणारा आणि एक मदतनीस, दोघांच्या अंगात बांधलेलं लाइफ जॅकेट, किल-स्विचची दोरी चालवणाऱ्याला अडकवलेली. आजूबाजूला मासेमारीच्या जाळ्या किंवा माणसं नकोत. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर गंगापूरच्या काठाचे खडक पाण्याखाली हातभरावर येतात, म्हणून वेगाची चाचणी धरण भरल्यावर, मधल्या खोल पाण्यात घ्या. आधी काठाजवळ बांधलेल्या अवस्थेत 15 मिनिटं चालवा, गिअर पुढे-मागे टाका, तळात पाणी येतंय का पाहा, ट्रान्समच्या बोल्टांना हात लावा. मग हळूहळू वेग वाढवा. पहिल्या दहा तासांनंतर गिअरचं तेल पूर्ण काढून काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाला पाण्याचा थर दिसला तर सील पुन्हा बदला. कोरडं आणि स्वच्छ राहिलं तर पर्यटकांना बसवायला हरकत नाही.